दोन वर्षांचा पाट

माझा धाकटा भाऊ फास्ट बोलर होता आणि आखातातल्या एका कंपनीनं त्याला चेंडू टाकण्यासाठी नेलं होतं. कागदावर तो स्टोअरकीपर. प्रत्यक्षात कंपनीची टीम जिंकली पाहिजे, एवढंच त्याचं काम. करार दोन वर्षांचा, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. नव्वदच्या दशकात पेणच्या बाजूचा माणूस परदेशी खेळायला जातो म्हणजे केवढी अपूर्वाई! पेणजवळच्या हमरापूरला, माझ्या माहेरी, पेढे वाटले. मी मात्र तोंड वाकडं करून म्हटलं, ज्याला मावशीकडे दुसरी रात्र काढवत नाही त्याला कशाला धाडताय? कोणी लक्ष दिलं नाही. मी फटकळ म्हणून प्रसिद्धच होते. माझ्याकडे निरोप दिला की पोचेपर्यंत त्यात माझी दोन वाक्यं घुसणार, हे सगळ्या नात्यात ठाऊक होतं.

मी लग्न होऊन रोह्याला. माहेरी फोन नव्हता, आमच्या शेजारच्या वाण्याकडे होता. म्हणून भाऊ दर शुक्रवारी, त्याच्या सुट्टीच्या दुपारी, तिथं फोन करायचा आणि रविवारी मी एसटीनं पेणला जाऊन बाबांना खबर द्यायचे.

सुरुवातीला तो भडाभडा बोलायचा. किती विकेटी, कसलं ऊन, सिमेंटच्या पिचवर चेंडू कसा उसळतो. मग प्रश्न बदलले. "आज खाडीला भरती किती वाजता हाय?" मी हसायचे, तिथं बसून तुला भरती कशाला रे? पुढे तेही थांबलं. नुसता श्वास ऐकू यायचा. मी हॅलो हॅलो करत राहायचे आणि तो म्हणायचा, "तू बोल गो ताय, मी ऐकतोय."  घरी येऊन मी नवऱ्यावर विनाकारण डाफरायचे.

एका शुक्रवारी फोनवर दुसराच आवाज आला. त्याच्या खोलीत राहणारा विकेटकीपर, हैदराबादचा. म्हणाला, "दीदी, इसको बुला लो. बोलिंग करायला धावत येतो आणि मध्येच थांबतो. हातात बॉल घेऊन उभाच. अंपायर ओरडतो तरी ऐकू येत नाही." त्या रविवारी मी हे बाबांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

पुढच्या शुक्रवारी भावानंच विचारलं. "ताय, बाबांना विचार. व्हय म्हणाले तर करार मोडून येतो. नाय म्हणाले तर नाय."

बाबा गणपती करायचे. आमच्याकडे लोक महिना-दोन महिने आधी घरचा पाट आणून देतात. पाटाखाली नाव लिहिलेलं असतं. पाट ठेवून घेतला म्हणजे शब्द दिला, चतुर्थीला त्याच पाटावर मूर्ती बसवून द्यायची. आई श्रावणात गेली त्या वर्षी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा रंगाला बसले होते. एकही पाट रिकामा परत गेला नाही. तेव्हा लोकांनी त्यांना हात जोडले होते आणि मलाही अभिमान वाटला होता.

मी बाबांच्या गणपतीच्या कारखान्यात गेले तेव्हा ते एका मूर्तीच्या सोंडेला रंग देत होते. सगळं ऐकून म्हणाले, "पाट घेतलान ना त्यानं?"

"बाबा, तो करार हाय. पाट नाय."

"सारखाच. आणि हा पळून आला तर इथल्या दुसऱ्या खेळाडूला कोण नेणार? म्हणतील, पेणची माणसं अर्ध्यात टाकतात."

हे खोटं नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हटलं, मातीला घराची आठवण येत नाही, माणसाला येते. त्यांनी कुंचला पाण्यात बुडवला, पुन्हा बुडवला, रंगाला लावलाच नाही. शेवटी म्हणाले, "त्याला सांग, पाट घेतलायस, पुरा कर." मी तरातरा निघाले तर दारात हाक आली. "शुक्रवारी तूच बोलशील ना त्याच्याशी?"

"मग दुसरं कोण बोलणार?"

रागात होते मी. एसटीत बसून ठरवलं, तुमचाच शब्द ना, मग तुमचाच पोचवते, एक अक्षर माझं घालणार नाही. बरंवाईट झालं तर तुमच्या माथी. शुक्रवारी तसंच सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आणि तुला काय वाटतं, ताय?"

"बाबा म्हणतात तेच," मी म्हटलं. जिभेवर आलेलं गिळलं.

त्यानंतर त्यानं एकदाही येण्याचं नाव काढलं नाही. तो धावत येताना मध्येच थांबेनासा झाला, विकेटी काढू लागला. फोन दर शुक्रवारी यायचा तो महिन्यावर गेला, मग दोन महिन्यांवर. आवाज खणखणीत झाला होता. बाबा खूश होते. मला त्या खणखणीत आवाजाची भीती वाटायची. असं अनोळखी माणसाशी बोलतात, मोठ्यानं आणि नीट.

दोन वर्षं भरत आली तेव्हा, फोन येणार होता त्या शुक्रवारी, बाबा मुद्दाम रोह्याला आले. परतीची तारीख स्वतःच्या कानांनी ऐकायची होती. धुतलेला सदरा घालून सकाळपासून वाण्याच्या बाकावर बसून होते. फोन आला. भाऊ म्हणाला, कंपनीनं पुन्हा करार पुढे केला, सही केली. मी रिसीव्हर बाबांच्या हाती दिला.

बाबा ऐकत राहिले. मग हळूच विचारलं, "पोरा, घरची आठवण येत नाय काय रे?"

आवाज एवढा स्वच्छ की मलाही ऐकू आलं. "यायची. आता नाय येत."

मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. पेणची गाडी लागली तरी ते चढेनात. म्हणाले, "तेव्हा तू त्याला काय सांगितलंस?"

"तुम्ही सांगितलंत तेच."

"फक्त तेच?"

"व्हय. तेवढंच."

ते माझ्याकडे बघत राहिले. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. "मला तर वाटलं होतं," बाबा म्हणाले, "तू तुझं सांगशील."