शिलाईकाकूंचा डावा कान

शिलाईकाकू बोलायला लागल्या की त्यांच्या मशीनचा आवाज कुणाला ऐकू येत नसे. गिऱ्हाईक पॅन्टची उंची कमी करायला येई आणि घरातली भांडणं सांगून, वर सल्ला घेऊन जाई. शेजारच्या गाळ्यात त्यांचे यजमान कुलपं दुरुस्त करत. दिवसभर दुसऱ्यांची कुलपं उघडणारा हा माणूस स्वतःचं तोंड मात्र उघडत नसे. "दोघंही बोलायला लागलो तर ऐकणार कोण?" काकू म्हणत.

त्या वर्षी काकूंचा डावा कान वाहायला लागला. त्यांनी आधी कानाडोळा केला, मग कापसाचा बोळा घातला. डॉक्टरांनी थेंब दिले. थेंबांच्या बाटल्या संपत गेल्या, कान वाहतच राहिला. सात महिन्यांनी ठणका सुरू झाला, असा की टाका घालता घालता सुई थांबे. एका सकाळी यजमानांनी उशीचा अभ्रा उजेडात धरला. त्यावर रक्ताचा डाग होता. "चल," एवढंच म्हणून त्यांनी काकूंच्या चपला दारात सरळ करून ठेवल्या.

कानाची डॉक्टर तरुण होती. दुर्बिणीतून तिनं बराच वेळ पाहिलं. कानाच्या नळीत लालसर मांस वाढलं होतं. त्याचा तुकडा तपासायला गेला आणि आठवड्यानं अहवाल आला: नुसती सूज. काकूंचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरचा पडला नाही.

"काकू, मला हे पटत नाही. नुसत्या सुजेनं इतकं दुखत नाही. तुकडा वरवरचा आला असेल. एकदा खोलवरून घेऊ या."

"अगं, एवढंसं भोक, त्यात किती खणशील?"

दुसऱ्या तुकड्यात कर्करोग निघाला. दहा लाखांत एखाद्याला होणारा.

"आणि लॉटरी मात्र कधी लागली नाही बघ," काकू म्हणाल्या.

"वाचेल ना?" यजमानांनी विचारलं.

डॉक्टरनं घाईनं होकार दिला नाही. "स्कॅनमध्ये तो अजून नळीतच दिसतोय. चेहऱ्याच्या नसेपर्यंत गेलेला नाही, म्हणून आशा चांगली आहे. पण नळी आणि पडदा, दोन्ही काढावी लागतील. त्या कानानं पुन्हा ऐकू येणार नाही."

शस्त्रक्रिया नऊ तास चालली. बाहेरचा कान राहिला, आतली वाट बंद झाली. मग सहा आठवडे किरणोपचार, चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा लावून, जराही न हलता. त्यात जबडा आखडला. चमचा जेमतेम आत जाई. बोलणं बंदच. काकू नुसत्या बघत पडून राहत.

ती शांतता यजमानांना सोसेना. खाटेच्या उजव्या बाजूला स्टूल ओढून ते बसले, घसा खाकरला आणि बोलायला लागले. आधी कुलपांविषयीच, कारण दुसरं काही येत नव्हतं. किल्ली पर्समध्येच ठेवून दार फोडायला लावणाऱ्या बाईची गोष्ट सांगून झाली. मग हळूहळू मागचं निघालं.

"आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा तू तासभर बोललीस. त्यातला एक शब्द आठवत नाही मला. पण घरी गेलो तर घर फार गप्प वाटलं."

काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी वही ओढून लिहिलं, "तीस वर्षं हे पोटात ठेवलंत? थांबा, तोंड उघडू दे माझं!"

त्याला चार महिने लागले. रोज सकाळी दातांत चपट्या लाकडी काड्या धरायच्या, जमेल तशी एकेक वाढवायची. "अकरा," यजमान मोजत. "काल दहाच होत्या."

आता तीन वर्षं झाली. दर तपासणीच्या आदल्या दिवशी दोघांच्याही ताटात पोळी उरते आणि दोघंही "मला कुठे काय?" म्हणतात. डावीकडची हाक काकूंना कळत नाही, म्हणून रस्त्यात यजमान त्यांच्या उजव्या हाताला चालतात. परवाचा स्कॅन स्वच्छ निघाला. डॉक्टर ते सांगत होती, तर काकूंचं लक्ष तिच्या कोटाच्या उसवलेल्या खिशाकडे. त्यांनी कोट काढून घेतला आणि तिथेच खुर्चीत बसून पिशवीतल्या सुईदोऱ्यानं टाके घातले. बाहेर रांग खोळंबली होती. डॉक्टर शेजारी उभी राहून, सुई खालीवर होताना बघत होती.