पाणी कधी सुटेल

मला याद्या करायची सवय आहे. पेणच्या ज्या गणपतीच्या कारखान्यात मी नोकरी केली, तिथे कोणती मूर्ती कोणत्या गावाला, कोणत्या टेम्पोतून, कुणाच्या ताब्यात, हे सगळं माझ्या वहीत असायचं. एकही मूर्ती कधी चुकीच्या गावाला गेली नाही. त्यामुळे सीझन संपल्यावर बायकांनी सहलीचा विषय काढला, तेव्हा ती ठरवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

आम्ही सहा जणी होतो. साच्यावर काम करणाऱ्या दोघी बहिणी, पॅकिंगवाली एक, रंगकामातल्या आक्का, रोह्याजवळचं वरसे गाव माहेर असलेली एक तरुण बाई आणि मी. आक्का सगळ्यांत मोठ्या, साठीच्या पुढच्या. त्यांचे गुडघे दुखायचे. त्यांना नेऊ नये असं दोघीतिघींचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, सगळं नीट ठरवलं तर काय होतं? आक्कांना सोडून जायचं नाही.

जायचं ठरलं होतं रोह्याला. वरसेवालीने सांगितलेला धबधबा तिथून नदीने वर, जंगलात होता. एका जागेपर्यंत होडी जाते, पुढे तासभर काठाकाठाने चालायचं. दसरा-कोजागिरी झाली की पाऊस उघडतो, पण धबधब्याला पाणी असतं. मी यादी केली. सकाळची गाडी, होडीवाला, दुपारची भाकरी, आक्कांसाठी काठी, जास्तीचं लुगडं, मीठ, काडेपेटी. आणि पाण्याची वेळ.

ही पाण्याची वेळ मला वडिलांनी शिकवली होती. आमचं घर वडखळच्या पलीकडे खाडीला लागून. वडील मिठागरावर होते. तिथे खाडीचं पाणी कधी आत घ्यायचं, दार कधी लावायचं, हे भरतीवर चालतं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता पूर्ण भरती. त्या दिवशी वद्य पंचमी होती. पाचाची पाऊणपट पावणेचार. खाडीच्या तोंडापासून रोहा आत आहे, म्हणून मी आणखी अर्धा तास धरला. सव्वाचार. दहाला ओहोटी संपते, तेव्हा होडीत बसायचं, भरतीबरोबर वर जायचं, सव्वाचारनंतर उतरत्या पाण्याबरोबर खाली यायचं. वहीत मी हे पेनने लिहिलं. पेनने मी पक्क्या गोष्टीच लिहायचे.

होडीत बसल्यावर वरसेवालीने मला विचारलं, “ताई, पाणी कधी सुटेल त्याची चौकशी केली ना गो?”

“केली,” मी म्हणाले. “सव्वाचारला.”

“सव्वाचारला? मंग बरंय. तवर आपण परत फिरलो असू.”

आमच्याकडे पाणी सुटलं म्हणजे ओहोटी लागली. पाणी बांध सोडून मागे जायला लागलं. तिच्याकडे पाणी सुटलं म्हणजे वरच्या वीजघरातून सोडलं, आता नदी चढणार. घाटाखाली वीजघर आहे, ते चालू झालं की त्याचं पाणी या नदीत येतं. रोह्यात हे लहान पोरांनाही माहीत असतं. मला माहीत नव्हतं. मी वीजघराकडे चौकशी केली असं तिला वाटलं, आणि ती निर्धास्त झाली. एकाच शब्दावर आम्ही दोघींनी मान हलवली.

जंगल दाट होतं. दोन्ही काठांवर ऐन आणि जांभूळ पाण्यावर वाकलेले. होडीवाल्याने एका वळणावर आम्हाला उतरवलं आणि सावलीला झोपला. पुढे आक्का माझ्या खांद्यावर हात ठेवून चालल्या. पॅकिंगवाली मागून म्हणत होती, “आक्का, एवढं चाललात तर धबधबाच उठून पेणला येईल तुम्हाला भेटायला.”

“येऊ दे,” आक्का म्हणाल्या. “रंगवून परत पाठवीन त्याला.”

धबधबा पलीकडच्या काठावर होता. नदीच्या मधोमध एक मोठा सपाट कातळ होता, तिथून तो समोर दिसायचा. काठापासून कातळापर्यंत पाणी घोट्याएवढं. आम्ही आक्कांना दोन्ही बाजूंनी धरून नेलं. कातळाच्या एका टोकाला उंचवटा होता, तिथे बसून भाकरी खाल्ली. धबधबा खूप उंच नव्हता, पण आवाज एवढा की ओरडून बोलावं लागे.

एक वाजला असेल. वरसेवाली हात धुवायला कडेला गेली आणि तशीच उभी राहिली. मग ओरडली, “पाणी सुटलं! ताई, पाणी सुटलं गो! चला, उठा!”

मी पाहिलं. आम्ही आलो तेव्हा कोरडा असलेला दगड बुडला होता.

“सुटलं कुठे?” मी म्हणाले. “चढतंय. भरती आहे ही. सव्वाचारला भरेल, मग सुटेल.”

“अगं कसली भरती? हितं कसली भरती येतेय?”

“खाडीच्या काठी जन्म गेलाय माझा. मला नको शिकवू.”

तिने आक्कांचा हात धरला. “आक्का, तुमी चला. आता गुडघ्याएवढं हाय, मी नेते.”

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. हे मी कितीही वेळा सांगितलं तरी कमीच आहे. त्यांनी पाण्याकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. चढत्या पाण्यातून म्हाताऱ्या माणसाला न्यायचं नसतं, ते उतरेपर्यंत थांबायचं असतं, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. खाडीत ते खरंच आहे. मी म्हणाले, “आक्का, बसा.”

त्या बसल्या. मग बहिणी बसल्या, पॅकिंगवालीही बसली.

“मराल गो,” वरसेवाली म्हणाली. “समद्या मराल.” तिने साडी खोचली आणि पाण्यात उतरली. मांडीपर्यंत पाणी लागलं तिला, एकदा पाय सुटला, पण ती पोचली. काठावरून काहीतरी ओरडली, ते ऐकू आलं नाही. मग झाडीत पळाली.

“भित्री आहे,” मी म्हणाले. हेही मी म्हणाले.

अर्ध्या तासात काठापर्यंतचं पाणी छातीएवढं झालं आणि ओढ अशी की आत टाकलेली काठी बाणासारखी गेली. ती आक्कांची काठी होती, पॅकिंगवालीने अंदाज घ्यायला टाकली. कातळ बुडला. आम्ही पाच जणी उंचवट्यावर उभ्या होतो, पाणी आमच्या पावलांवरून जात होतं. होडीवाला झोपला तिथे हाक पोचणं शक्य नव्हतं. तरी बहिणींनी हाका मारल्या, घसा बसेपर्यंत. मी घड्याळ बघत होते. दर दहा मिनिटांनी सांगत होते, आता एवढं राहिलं, आता एवढं. आक्का उभ्या राहून थकल्या की मी त्यांना माझ्या अंगावर रेलून घ्यायचे. त्यांचे पाय बर्फासारखे झाले होते.

चारच्या सुमाराला पाणी थांबलं. खरंच थांबलं. मी ओरडले, “बघा, भरली! आता सुटेल!” धाकटी बहीण रडत रडत हसली. आक्का म्हणाल्या, “मला ठाऊक होतं तुझं चुकायचं नाही.”

सव्वाचार झाले. साडेचार झाले. पाणी पिंढऱ्यांना लागलं. पुन्हा चढत होतं.

तेव्हा मी खाली वाकले, ओंजळीत पाणी घेतलं आणि चाखलं. भरतीचं पाणी कितीही आत आलं तरी मचूळ लागतं, जिभेला कळतं. हे गोडं होतं. विहिरीच्या पाण्यासारखं गोडं आणि थंड. खाडीचा थेंब त्यात नव्हता. वडिलांनी मला पाणी चाखायला आकड्यांच्या आधी शिकवलं होतं, आणि साडेतीन तास मी ते केलं नव्हतं.

मी त्यांना सांगितलं. हे पाणी उतरायचं नाही. कधी उतरेल मला माहीत नाही.

पॅकिंगवाली म्हणाली, “मग ताई, आता काय करायचं?” आम्ही जास्तीचं लुगडं उलगडून एकमेकींच्या कमरांना बांधलं. मी देवाचं नाव घेतलं नाही. मी मनात मोजत होते की एक पडली तर पाच जातील, आणि गाठ सोडावी की ठेवावी.

पाच वाजून गेल्यावर वरसेवाली दिसली. तिच्या मागे लांबच्या वाडीवरचे चार गडी, दोर आणि ट्रकची हवा भरलेली ट्यूब. ती पळत वाडी गाठून, ट्यूब शोधून, माणसं घेऊन आली होती. तिचे पाय रक्ताने भरले होते.

एक गडी दोर कमरेला बांधून वरच्या अंगाने पाण्यात पडला आणि वाहत आमच्यापर्यंत आला. दोर ताणला, ट्यूब ओढत आणली. धाकटी बहीण गेली, मग मोठी, मग पॅकिंगवाली. आक्कांना आधी पाठवायला हवं होतं. पण त्या म्हणाल्या, “पोरींना जाऊ दे,” आणि मी पुन्हा यादी केल्यासारखा क्रम लावला, तरण्या आधी, म्हणजे काठावर ओढायला हात वाढतील.

आक्का ट्यूबमध्ये बसल्या तेव्हा त्यांची बोटं वळत नव्हती. गडी म्हणाला, “आजी, घट्ट धरा.” त्यांनी मान हलवली. अर्ध्या वाटेवर ट्यूब कलंडली. मी कातळावरून पाहत होते. गडी दोराला लटकलेला, त्याच्या हातात आक्कांच्या पदराचं टोक, आणि मग तेही नाही. खालच्या अंगाला पाण्यात वाकलेल्या जांभळीच्या फांद्यांत त्या अडकल्या. बाहेर काढल्या तेव्हा श्वास चालू होता. मग गड्यांनी मलाही काठावर ओढलं.

होडीतून आणि पुढे टेम्पोतून आम्ही त्यांना रोह्याला दवाखान्यात नेलं. छातीत पाणी गेलं होतं. त्यांचा मुलगा कंपनीतून शिफ्ट टाकून आला. त्याला सगळ्या सांगत होत्या, अचानक पाणी आलं, नदीचा काय भरवसा. वरसेवाली भिंतीला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पण बोलली नाही. मीही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आक्का गेल्या.

तेरावं झाल्यावर मी एकटी त्यांच्या घरी गेले. मुलगा ओट्यावर होता. त्याने खुर्ची दिली, मी बसले नाही.

“पाणी अचानक आलं नव्हतं,” मी म्हणाले. “अर्धा तास मिळाला होता. तुमच्या आईला वरसेवाली न्यायला तयार होती. मी बसवलं.”

त्याला कळायला वेळ लागला. “कशासाठी?”

मी भरतीचं सांगितलं. पंचमी, पाऊणपट, सव्वाचार. सांगताना ते सगळं बरोबरच वाटत होतं, तेच वाईट होतं.

“आणि आई बसली? दुसरी एवढं सांगत असताना?”

“मी म्हटलं म्हणून.”

तो उठला आणि आत गेला. दार लावलं नाही, पण बाहेर कुणी आलंही नाही. आत भांड्यांचा आवाज होत होता, मग तोही थांबला. मी ओट्याखाली उभी राहिले. माझी परतीची साडेपाचची बस गेली, तिचा हॉर्न मला ऐकू आला.