दुसऱ्या सर्व्हरचे राखणदार मोईन सर

मोईन सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते चिकलठाण्याच्या आमच्या छोट्या ऑफिसात, खिडकीशी डोळे मिटून बसलेले. मी लासूर स्टेशनहून मुलाखतीला आले होते. वाटलं, साहेबांना डुलकी लागलीय. तेवढ्यात डोळे न उघडताच ते म्हणाले, "बैस बेटा. एक नोंद पहिल्या सर्व्हरवरून निघालीय, दुसऱ्यावर पोचू दे." समोरचा कॉम्प्युटर तर बंदच होता. नोंद सरांच्या मनात चालली होती.

आमचं काम सांगायला सोपं. तक्त्यांत माहिती साठवणारा एक मुख्य डेटाबेस सर्व्हर असतो आणि त्याची हुबेहूब प्रत ठेवणारा दुसरा, म्हणजे रेप्लिका. मुख्य बंद पडला की रेप्लिकानं कारभार सांभाळायचा. दोघांत तफावत पडली तर ती शोधून दुरुस्त करायची. सर शोधायला बसले की दुपार कुठं जाई, कळत नसे. बाहेर शेजारच्या विमानतळावर विमान उतरे, चहा निवून जाई आणि सर मुद्दाम मध्येच तार उपटत, सर्व्हर बंद करत, पुन्हा लावत. बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, डोळ्यांदेखत पुन्हा घडवल्याशिवाय त्यांनी कधी दुरुस्तीला हात घातला नाही.

त्यांनी एक रीतही पाडली. तो बग पुन्हा येऊ नये म्हणून टेस्ट, म्हणजे आपोआप तपासणी करणारा छोटा प्रोग्राम, लिहायची, तिला चूक करणाऱ्याचं नाव द्यायचं आणि त्यानंच सगळ्यांना इमरती खिलवायची. माझ्या नावाच्या टेस्ट आजही रोज सकाळी चालतात. आधी लाज वाटायची, मग गोडाची चटक लागली.

माझे वडील दवाखान्यात होते, तेव्हा सरांच्या घरून डबा यायचा. सोबत निरोप, "तिखट कमी टाकलंय, आबांना चालंल." तो डबा मी विसरणार नाही.

एका रुग्णालयाच्या रक्तपेढीची माहिती आमच्या सर्व्हरवर असते. नोंद पुसली जात असतानाच रेप्लिका बंद होऊन पुन्हा सुरू झाली, तर ते पुसणं तिच्याकडून सुटतं, हे मला एका सकाळी दिसलं. म्हणजे बाद केलेली रक्ताची पिशवी तिथं चांगली म्हणून राहणार. आणि तो कोड खुद्द सरांचा होता. मी सरांपाशी जाऊन घुटमळले.

"बोल ना, थांबलीस का?"

"सर, हे तुम्ही लिहिलेलं आहे."

सरांनी स्वतः तसंच घडवून पाहिलं. पिशवी पडद्यावर तशीच राहिली.

आमचे मालक कदमसाहेब हबकले. "गुपचूप नीट करून टाका ना सर. मुख्य सर्व्हर चालू हाय, कुणाला कळतंय? हे गिऱ्हाईक गेलं तर हापिसाला कुलूप लागंल."

"आणि मुख्य आजच बंद पडला तर?" सर म्हणाले. "तिथं कुणी तरी पिशवी उचलंल ना, हमारे भरोसे पे."

त्याच दुपारी आम्ही दोघं रक्तपेढीत गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंना सरांनी सांगितलं, "अजून रेप्लिकावर काम चालवायची वेळ आली नाही. पण आली असती. चूक माझी आहे." बाईंनी दोन्हीकडच्या नोंदी समोर ताडून दाखवायला लावल्या. बाद झालेली एक पिशवी रेप्लिकात निघालीच. बाईंनी तिचा नंबर वहीत उतरवून घेतला. मग सरांकडे बोट करून मला म्हणाल्या, "काम चालू ठेवा. पण असं पुन्हा काही झालं, तर सांगायला यांनाच पाठवायचं."

सर यंदा साठीचे झाले, निवृत्त होताहेत. परवा डॉक्टरबाईंनी फोन करून विचारलं, "आता कोण येणार सांगायला?"

सर, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. हर्सूलच्या तळ्याकाठी डोळे मिटून खुशाल बसा. "मी येईन," असं मी बाईंना सांगून टाकलंय. फक्त निघण्याआधी तुम्हाला फोन करीन, तेवढा उचला.