मुरमाडावरचा साग

ह्यांना जाऊन वर्ष होत आलं. भेटायला येणारी माणसं अजून म्हणतात, "साहेबांनी किती झाडं लावली!" मी मान हलवते. खरं तर ह्यांची नोकरी झाडं लावण्याची कमी आणि नापास करण्याची जास्त होती.

लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या एका कोरड्या पावसाळ्याची गोष्ट. हे तेव्हा जळकोटकडच्या एका रोपवाटिकेवर होते. जंगलातले उंच, सरळ साग हेरायचे, त्यांचे डोळे आणून रोपांवर भरायचे, कलमं करायची. एका सागाची सगळी कलमं म्हणजे तोच साग, ठिकठिकाणी उभा. काही विहिरीलगतच्या काळ्या रानात लावायची, काही मुरमाड उतारावर. दोन्हीकडे जोमानं वाढली तर गुण झाडाचा. काळ्या रानातच वाढली तर मातीचा. हे ऐकताना मला वाटे, स्थळं पाहायची रीतही अशीच हवी होती. मुलगा आधी मुरमाडावर लावून बघायचा.

ह्यांचा एक लाडका साग होता, कंधारच्या बाजूला स्वतः शोधलेला. पाऊस तोंड दाखवून गेला तो गेलाच, शेजारची पानं करपली, पण त्याची कलमं उतारावरही हिरवीगार. हे हरखून गेले. याचीच रोपं सगळीकडे द्यावीत असं वर कळवायचं ठरलं. कळवण्याआधी एका रविवारी मला दाखवायला घेऊन गेले.

पाणी घालणाऱ्या बायांची म्होरकी, जिला सगळे मावशी म्हणत, घागर घेऊन चढावर आली. लाडक्या कलमाला अख्खी घागर, शेजारच्याला तांब्याभर.

"मावशी, सगळ्यांना सारखं पाणी सांगितलं होतं ना?"

"हाव, सांगितलं की. पण हे लई मरतुकडं हाय, साहेब. समद्यांच्या आधी मान टाकून राहिलं होतं."

"कधीपासून घालताय?"

"पाऊस गेला तवापासून. आमी समद्याच बाया घालतो. त्यात तुमच्या लाडाचं!" मग माझ्याकडे वळून, "बाई, तुमी सांगा, आजाऱ्याला आधी बघावं का धडधाकटाला?"

"आजाऱ्याला," मी म्हणून गेले. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू घागर मीच ओतली होती.

मग हे मावशींना म्हणाले, "उद्यापासून सगळ्यांना एकेक तांब्या."

"मरंल की!"

"मरू द्या. इथं तुम्ही आहात, मावशी. उद्या लोकांच्या माळावर लावलं तर तिथं घागर कोण नेणार?"

मावशींनी घागर खाली ठेवली. "खरं हाय. पण त्याला तांब्या तुमीच घाला. आमच्या हातानं न्हाई."

पुढं रोज हे स्वतः घालत राहिले. मोजून तांब्याभर, वर थेंब नाही. दसऱ्याच्या आत त्या सागाची उतारावरची कलमं करपली. ह्यांनी झाड नापास म्हणून कळवलं आणि मावशींनी अबोला धरला.

शेवटी त्यांनाच राहवेना. "मग त्या कंधारच्या झाडाला आता तोडनार काय?"

"छे हो. ते आपल्या जागी सुखात आहे."

"मंग बरं," मावशी म्हणाल्या आणि घागर उचलून पुढच्या ओळीला गेल्या.