मेघालयाच्या नावावर गेलेली जमीन

बायांनो, च्या पिता पिता ऐका. माझ्या रागानं माझीच अशी फजिती केलीय, की आठवलं की अजून कानशिलं तापत्यात!

आमचं वावर मुठा गावात, नदीच्या कडंला. पुण्यावनं भूगर्भ शिकलेली एक बाई आली, मातीचे नमुने न्यायला. आमच्या मालकांनी परवानगी दिली. मी च्या घिऊन गेले, तर ती खड्ड्यात उतरून पिशव्या भरतीय.

म्हनली, "मावशी, तुमच्या शेतातली ही वरची माती मेघालयन आहे."

"कुनाची?"

"मेघालयन. मेघालयावरून नाव दिलंय."

"कुनी दिलं?"

"जगभरच्या शास्त्रज्ञांनी. मतदान घेतलं, मंजूर झालं."

"आमाला न इचारता?"

"अहो, सगळ्या जगाला लागू आहे. चार हजार दोनशे वर्षांपासून!"

तुमीच सांगा, डोकं फिरंल का न्हाई? हितं शेजारचा बांध वीतभर सरकला तर आमी कोयता काढतो. आन् हे परराज्यातलं कोन आमची जमीन बळकावतंय? त्येबी पणज्याच्या आधीपासनं! पिशव्या उचलल्या आन् सगळी माती वावरात पालथी केली!

"मावशी, थांबा!" ती वरडतीय. मी थांबतीय व्हय? मालकांचं मनगट धरलं, भावकीतली चार मानसं घेतली, थेट तलाठ्याचं हापिस.

"भाऊसाहेब, काढा सातबारा! ह्या मेघालयाला किती हिस्सा दिलाय ते बघू द्या!"

भाऊसाहेबांनी आ वासला. तवर ती बाई धापा टाकत आली. डोळ्यांत पानी.

"मावशी, ते मालकाचं नाव नाही हो, काळाचं आहे! पृथ्वीच्या वयाचे भाग पाडतात, त्यातला आत्ता चालू असलेला शेवटचा भाग. मेघालयातल्या एका गुहेत पाणी ठिबकून चुन्याचा खांब वाढलाय. त्याच्या थरांत एका जुन्या, मोठ्या दुष्काळाची खूण सापडली. तिथून हा काळ मोजतात, म्हणून ते नाव. तुम्ही माझं चार दिवसांचं काम मातीत घातलंत!"

भावकी पदराआड, टोपीआड हसाय लागली. धरनीनं पोटात घ्यावं वाटलं. पर ती धरनीबी मेघालयनच की!

भाऊसाहेब सातबारा वाचत म्हनले, "मावशी, मेघालयाचं नाव न्हाई ह्यावर."

"सुटले बाई!"

"पर तुमचंबी न्हाई. नुसती मालकांची आन् दिरांची हायेत."

मी मालकांकडं बघितलं. मालक पंख्याकडं बघत व्हते.

तीस वरसं राबतीय मी त्या वावरात. ज्या मातीपायी दुसऱ्याच्या लेकीला रडवलं, तिच्यावर माझा हक्क किती? मेघालयाइतकाच!