नाडी मी धरली होती

डॉक्टर ओटीवर, आम्ही अंगणात. मधे तीन पायऱ्या. त्या चढायची आम्हा महारवाड्यातल्यांना बंदी. डॉक्टर खोतांचा धाकटा मुलगा, मुंबईत शिकून आलेला. इतरांच्या छातीला नळी लावायचा. आमच्याकडे वरूनच बघायचा.

सत्तावन्न सालची लावणी. फ्लूच्या साथीत घरोघर माणसं पडली होती. माझ्या बायकोचा ताप उतरून आठवडा झाला, पण चार पावलांत तिला धाप लागायची. पाय सुजले होते. आधार देत तिला खोतांच्या अंगणात नेलं.

डॉक्टरने घड्याळ समोर धरलं. मला म्हणाला, "तूच धर तिची नाडी. सांग, कशी चलता?"

ओटीवरची माणसं हसली. एकजण म्हणाला, "बघा, नवो वैद्य इलो."

मी मनगट धरलं. नाडी धावत होती, मधेच बुडत होती, पुन्हा उसळत होती. मला ते कळलं. बारा वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कळलं, आणि तरी मी म्हणालो, "बरी चलता, सायब." सायबाने विचारलं की बरं म्हणायचं, ही जिभेची सवय. शिवाय त्या हसण्यातून सुटायचं होतं.

"ताप गेलो मां? मगे कामाक लाव तिका. आता ह्यां नुसतां ढोंग."

दुसऱ्या दिवशी खोतांच्याच मळ्यात लावणी. ती म्हणाली, "माका उभ्यान रवाक जमणा नाय."

मी म्हणालो, "दाक्तर खुळो काय गो? ऊठ."

दुपारी ती चिखलात तोंडावर पडली. डोलीत घालून सरकारी दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरने पहिल्यांदा तिच्या छातीला नळी लावली. म्हणाला, फ्लूनंतर कधी कधी हृदयालाच सूज येते, अशा माणसाला अंथरुणातून हलवायचंही नसतं. कामाला कुणी पाठवली, त्याने विचारलं.

तिसऱ्या दिवशी ती गेली. गावात मी सांगितलं, तापाने गेली.

त्यानंतर आमच्यातलं कुणीही आलं की खोतांचा डॉक्टर मलाच बोलवायचा. नाडी धरायला. मी धरायचो. हो, धरायचो.

गेल्या आठवड्यात शेजारची सून आली. तापातून उठलेली, धापा टाकत. त्याने मला हाक मारली. मी पायऱ्या चढून ओटीवर गेलो. म्हणालो, "माझ्या बायकोची नाडी बरी नव्हती. मी खोटां सांगितलंय. आता तुमी खाली येवा. हिचो हात तुमी धरा."

"माजलस? उतर खाली."

मी उतरलो नाही. सुनेला तिच्या नवऱ्याने सरकारी दवाखान्यात नेलं.

मला माफी नको. जिच्याकडे मागायची, ती राहिली नाही. लावणी पंधरा दिवसांवर आलीय. ज्या घराला आमच्या मनगटाचा विटाळ होतो, त्या घराचं भात यंदा आमच्या हातांनी लागणार नाही. घरोघर जाऊन मी हे सांगितलंय, माझं पाप आधी सांगून. लावणीच्या दिवशी खोतांच्या बांधावर मी आडवा पडणार. आमच्यातल्या ज्याला मळ्यात उतरायचं असेल, त्याने माझ्या छातीवर पाय देऊन उतरावं.