पाचवीतच शहाणी

माझ्या लेकीला दहाव्या वर्षीच पाळी आली आणि मी, बावळट, लगेच धुळ्याला आईला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई पहिल्या एसटीने जळगावात हजर! पिशवीत ओटीचा नारळ, गूळ-खोबरं आणि नवी कोरी साडी. आमच्याकडे पोर शहाणी झाली की चार दिवस बाजूला बसवतात आणि पाचव्या दिवशी न्हाऊ घालून, साडी नेसवून ओटी भरतात. कशी दिसते बघू, म्हणून आईने साडी लेकीला गुंडाळली. चार वेढे झाले तरी निम्मी फरशीवरच. आई मटकन खाली बसली. "माय वं! हाई तं अजून लेकरू शे!"

मग खापर फोडणं सुरू झालं. "आमना टाइमले सोळा वरीस लागेत. तुले तेराव्या वरीसले उनी. हाई बठ्ठं त्या पाकिटना दूधनं शे!" दूध झालं, ब्रॉयलर कोंबडी झाली, मोबाइल झाला, शेवटी गाडी माझ्यावर आली. जसं काही मीच तारीख ठरवून आणली होती.

लेकीचं एकच पालुपद, "उद्या खो-खोची फायनल आहे. मी खेळणार की नाही?"

"चार दिन बाजूले बसनं," आईने निकाल दिला.

माझं डोकंच फिरलं. तेराव्या वर्षी हिने मलाही असंच ओसरीवर बसवलं होतं आणि माझी पद्मालयाची सहल बुडवली होती. त्याचा राग अजून आहे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात लेकीने रडत विचारलं, "आजी, तू कधी खेळलीच नाहीस का?"

आई बोलायला लागली. हे मीही पहिल्यांदाच ऐकत होते. तिचं लग्न चौदाव्या वर्षीच लागलं होतं, पण पाळी येईपर्यंत ती माहेरीच होती. सोळाव्या वर्षी एके सकाळी लगोरी खेळता खेळता पाळी आली. तिच्या आईने गल्लीभर साखर वाटली. पाचव्या दिवशी सासरची बैलगाडी दारात. डाव अर्धाच राहिला, तो राहिलाच.

आईने डोळे पुसले आणि ती माझ्यावरच खेकसली, "तोंड काय देखस? तिना बूट धुई ठेव. सकाय मी बी येस फायनल देखाले."